चंद्रसेनेचा हात

मुंबईची सकाळची गाडी लोणावळ्याला येऊन थांबली आणि पहिल्या वर्गाच्या डब्यातून एक पंचवीस-सव्वीस वर्षांची बाई उतरली. महिपतराव पार्सल ऑफिसच्या दारात उभे होते. त्यांच्या वाचायच्या चष्म्याच्या काचा मुंबईहून यायच्या होत्या, म्हणून त्यांचं लक्ष गार्डाच्या डब्याकडे होतं, त्या बाईकडे नव्हतं. हमालानं तिची बॅग आणि वळकटी उचलली. तिचे दोन्ही हात मोकळे झाले. घाटातून वर येणारा कार्तिकातला गार वारा फलाटावर फिरत होता. त्यानं तिच्या कपाळावर केसांची एक बट आणून टाकली. तिनं उजवा हात हलकेच झटकला, तशा बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकल्या. मग पाचही बोटं फाकवून, ती चेहऱ्यापासून जपून लांब धरून, तिनं मनगटाच्या पाठीनं ती बट कानामागे सारली. हनुवटी जराशी वर उचलली. अर्ध्या श्वासात सगळं झालं आणि ती हमालाच्या मागून चालू लागली.

तिचे हात स्वच्छ होते. बोटांना पीठ नव्हतं, शेण नव्हतं, ओली मेंदी नव्हती. स्वच्छ हाताच्या माणसाला केस सारायला बोटं पुरतात. महिपतरावांनी दाराची चौकट धरली. पार्सल क्लार्क आतून म्हणाला, "काचा आल्या नाहीत मास्तर, उद्या बघा," ते त्यांना ऐकू आलं आणि आलं नाही. तो हात त्यांचा होता. फलाटावरून एक अनोळखी बाई त्यांचा हात घेऊन निघाली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी मास्टर महिपती म्हटलं की मुंबई-पुण्यात वेगळी ओळख सांगावी लागत नसे. आनंदसागर नाटक मंडळीत ते नायिकेची कामं करीत. चंद्रसेनेची भूमिका त्यांना मिळाली तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. तिसऱ्या अंकात नवरा जिवंत असल्याचं पत्र चंद्रसेनेच्या हाती पडतं, ती पद म्हणते, आणि पद संपल्यावर तिला बोलायला काहीच नसतं. तालमीत मालक ओरडले होते, "अरे, टाळ्या संपेपर्यंत खांबासारखा उभा राहणार का? काहीतरी कर!" काय करायचं ते महिपतीला कळेना. पत्र खाली गळून पडलं होतं, हात रिकामे होते. आणि मग हातानंच काहीतरी केलं. बांगड्या मागे गेल्या, बोटं फाकली, मनगट कपाळावरून फिरलं, हनुवटी उचलली गेली. मालक म्हणाले, "हे ठेव." गिरगावातल्या पहिल्या प्रयोगाला वरच्या मजल्यावर, बायकांच्या बाजूला, त्या क्षणी एकदम शांतता पसरली होती, शेकडो बायकांनी एकाच वेळी श्वास धरल्यासारखी. सहा महिन्यांत चौपाटीवर, लग्नाच्या मांडवात, देवळाच्या पायरीवर स्वच्छ हातांच्या बायका मनगटानं केस सारू लागल्या. काळबादेवीच्या एका दुकानदारानं चंद्रसेना काठाची लुगडी विकायला काढली. महिपतराव तेव्हा टांग्यातून जाताना हे बघत आणि नटाच्या हावरेपणानं मोजत, आज सात, आज अकरा. पुढं मोजायचं बंद झालं. पुढं सगळंच बंद झालं.

स्टेशनाबाहेर फकरुद्दीन आपला टांगा घेऊन उभा होता. अठरा वर्षं तो त्यांना स्टेशनावरून तुंगार्लीच्या बाजूच्या त्यांच्या घरी नेत होता आणि तेवढी वर्षं दोघं घोड्याच्या तब्येतीविषयी बोलत आले होते.

"फकरुद्दीन, आत्ता ती बाई गेली, ती कुणाच्या टांग्यातून?"

"अल्लाबक्षच्या. माझ्या भावाच्या. का मास्तर?"

"कुठं गेली?"

"नवलकरसाहेबांच्या बंगल्यावर. बाईसाहेबांची भाची आहे. मुंबईला मुलींच्या शाळेत शिकवते म्हणे." त्यानं मागे वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ओळखीची आहे का?"

"ती नाही," महिपतराव म्हणाले, "तिचा हात ओळखीचा आहे."

फकरुद्दीननं लगाम हलवला. घोड्याला म्हणाला, "चल राजा, मास्तरांना घाई आहे आज."

दोन्ही बाजूंनी बंगले मागे पडत होते. प्रत्येक फाटकावर पाटी, प्रत्येक पाटीवर नावाच्या आधी किंवा नंतर काहीतरी: रावबहादूर, बॅरिस्टर, जे. पी., सर्जन. कापसाचे व्यापारी, गिरण्यांचे मालक, धरणाच्या कामावरून निवृत्त झालेले पारशी इंजिनियर. हवा खायला येणारी आणि मग हवेसाठीच राहून गेलेली ही माणसं संध्याकाळी वळवणच्या तलावाकडे फिरायला निघत आणि महिपतराव त्यांच्यात असत. चांगले दिवस होते तेव्हा घेतलेलं त्यांचं घर या बंगल्यांपुढे लहान होतं आणि पाटीवर नुसतंच 'म. गो. गुरव' होतं, तरी त्यांना मान होता. पण तो कशाचा हे एव्हाना कुणी बोलत नसे. नवी पिढी त्यांना कसले तरी मास्तर समजत असे, बहुधा गाण्याचे. त्यांनीही ते तसंच राहू दिलं होतं. सहा वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका प्रयोगात, चंद्रसेना पत्र वाचून पद म्हणायला लागली आणि वरचा षड्ज नीट लागला नाही, तेव्हा मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी ओरडलं होतं, "आज्जी, बसा आता!" सगळं थिएटर हसलं. हसण्यात वाईटपणा नव्हता, तेच वाईट होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या, पुढून विरळ झालेल्या केसांवर टोप चढवलेल्या माणसाला त्या एका हाकेत आपण बाहेरून कसे दिसतो ते कळलं. बोलपट आले होते, त्यात खऱ्या बायका होत्या. मग खोट्या कशाला? त्या प्रयोगानंतर त्यांनी रंग पुसला तो कायमचा. त्यांच्या गाण्याच्या दोन ग्रामोफोन प्लेटी निघाल्या होत्या, त्या कुणाकुणाकडे असतील. पण आवाजाची प्लेट निघते, मानेची निघत नाही, पावलाची निघत नाही. ते सगळं त्या रात्रीच्या हशात गेलं, असं त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की आता त्याचं दुःखही होत नसे.

आणि आठच दिवसांपूर्वी रावबहादूर नवलकरांच्या पत्नी, ताराबाई, स्वतः त्यांच्या घरी आल्या होत्या. गावातल्या दवाखान्यासाठी बंगल्यांमधल्या बायका नाटक करणार होत्या, बायकांच्या भूमिका बायकांनीच करायच्या, आणि शिकवायला मास्टर हवे होते. महिपतरावांनी घसा बरा नसल्याचं सांगितलं. ताराबाईंनी त्यांच्या घशाकडे पाहिलं, चहा घेतला, आणि गेल्या. खरं कारण ते कुणाला सांगणार? बायकांना बाई व्हायला या टकल्या माणसानं शिकवायचं? ज्यांनी आपली जागा घेतली त्यांनाच? की यांच्यातली एखादी तरणी पोर तोंडावर पदर धरून हसेल, याचीच भीती होती?

घरी आल्यावर त्यांनी कोट काढला आणि आरशापुढे उभे राहिले. हे ते दाढीपुरतंच करीत. त्यांची बायको, मुक्ताबाई, जिवंत असताना आरशापुढे त्यांचाच वेळ जास्त जात असे; ती म्हणायची, "घरात एकानं नटलं की पुरे." तिनं तो हात कधी केला नाही. सगळी मुंबई करीत होती तेव्हाही ती बोटांनीच केस सारायची, आणि आपल्याकडे बघणाऱ्या नवऱ्याला म्हणायची, "मी आपली साधी बाई आहे, तुमच्याएवढं जमणार नाही मला." महिपतरावांना तिच्या आठवणीनं हसू आलं. त्यांनी उजवा हात झटकला. बांगड्या नव्हत्या, तरी झटकला. बोटं फाकवायला गेले आणि ती फाकली नाहीत; म्हणजे फाकली, पण पंख्यासारखी, नाटकी, भलतीच. मनगट कपाळाशी गेलं ते घाम पुसल्यासारखं. पुन्हा केलं. पुन्हा. आरशातला माणूस माशी हाकत होता. हात विसरला होता! इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की बघणारे गेले, पण आपल्याजवळ ते आहे, बंद पेटीत का होईना, आहे. पेटी रिकामी होती. आणि कुणा शाळामास्तरणीकडे ते होतं, आणि तिनं ते गाडीतून उतरता उतरता, उगीच, वाऱ्यासाठी खर्च केलं. त्यांना राग यायला हवा होता. पण येत होतं ते रागासारखं नव्हतं. पहिल्या घंटेच्या वेळी विंगेत उभं असताना यायचं, तसं होतं. जेवणावर लक्ष लागलं नाही. संध्याकाळच्या फिरण्याची वाट न बघता ते नवलकरांकडे निघाले.

नवलकरांच्या व्हरांड्यात चहा मांडला होता. रावबहादूर वेताच्या खुर्चीत टाइम्स वाचत होते. ते वाचत असले की जगातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोचत नसे, लघुवाद न्यायालयात तीस वर्षं त्यांनी हीच कला साधली होती, असं ताराबाई म्हणत. महिपतरावांना फाटकातून आत येताना पाहून ताराबाईंना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी ते दाखवलं नाही.

"या मास्टर. घसा कसा आहे?"

"बरा आहे."

"ही लीलावती, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. लीलू, हे आमचे मास्टर."

लीलावतीनं नमस्कार केला. जवळून ती सकाळच्यापेक्षा साधी दिसत होती. गोल चेहरा, जाड भुवया, बोलण्यात वर्गात उभं राहायची सवय. ती मुलींना भूमिती शिकवीत होती आणि मुलींना भूमिती येत नाही असं म्हणणाऱ्या इन्स्पेक्टरविषयी तावातावानं सांगत होती. महिपतराव तिच्या हाताकडे बघत होते. बशी, चमचा, बिस्किट. आता करील, आता करील. वारा पडलेला होता. मग बोलता बोलता ती हसली, मान हलली, बट सुटली, आणि तो हात आला. झटका, बोटं, मनगट, हनुवटी. दोन फुटांवरून त्यांनी तो पाहिला. त्यात कुठेही अभिनय नव्हता. त्यांनी रंगभूमीवर बाराशे वेळा केला असेल, पण एकदाही इतका चांगला केला नव्हता, कारण करतोय हे त्यांना दर वेळी ठाऊक होतं. हिला ठाऊक नव्हतं.

"हे," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच घसा बसल्यासारखा आला, "हे तुम्ही आत्ता केलंत, केस सारलेत, ते कुठं शिकलात?"

ताराबाईंचा कप बशीवर टेकला.

"हे होय?" लीलावतीनं आपल्या हाताकडे पाहिलं. "वर्गातल्या मुली यावरूनच माझी नक्कल करतात. शिकले नाही हो. आईचं आहे." ती थांबली. "मी नऊ वर्षांची होते आई गेली तेव्हा. रंग मला बाबांचा आला, नाक आत्याचं, स्वभाव तर कुणाचा ते कुणालाच सांगता येत नाही. आईचं एवढंच आलंय माझ्याकडे. बाबा अजून मी असं केलं की तोंड फिरवतात." मग तिनं सहज विचारलं, "का हो? तुम्ही आईला पाहिलं होतं का?"

रावबहादुरांनी टाइम्सचं पान उलटलं. महिपतरावांच्या जिभेवर ते सगळं आलं होतं: गिरगावचं थिएटर, पत्र, मालक, ती शांतता. सहा वर्षं ज्याचं सुतक पाळलं ते इथं समोर जिवंत बसून बिस्किट खात होतं. नुसतं 'माझं आहे' म्हणायचं. मग ही पोर आदरानं उभी राहील, कदाचित पाया पडेल, मावशीला विचारील, आणि आज निजताना हात कपाळाशी नेताना थबकेल. त्यानंतर तो हात तिच्या आईचा राहणार नाही. एका नटाचा होईल. त्यांनी ताराबाईंकडे पाहिलं. ताराबाई त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांना सगळं माहीत होतं. पन्नाशीच्या त्या बाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"नाही," महिपतराव म्हणाले, "पाहण्याचा योग आला नाही. पण आईचाच आहे तो हात. असा दुसऱ्या कुणाला येणार नाही."

लीलावती हसली. हे बोलल्यावर आपल्याला काहीतरी सोडल्याचं दुःख होईल असं त्यांना वाटलं होतं. ते त्याची वाट बघत राहिले. आलं नाही. उलट छातीत इतकं हलकं वाटू लागलं की त्यांनी खुर्चीचा हात धरून ठेवला. लीलावतीचे बाबा आपल्या बायकोच्या आठवणीनं तोंड फिरवत होते, आणि त्या आठवणीत महिपती गुरव नावाच्या माणसाचा मागमूस नव्हता. कुणी त्यांना ओळखत नव्हतं, म्हणून कुणी 'आज्जी, बसा' असंही म्हणणार नव्हतं. ते तिथं नव्हतेच. त्यांनी तिसरा कप चहा घेतला आणि भूमितीविषयी दोन प्रश्न विचारले.

ताराबाई त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आल्या.

"नऊ वेळा पाहिलं आम्ही ते नाटक," त्या एकदम म्हणाल्या. "मी आणि ती. लीलूच्या वेळी तिला डोहाळे लागले ते नाटकाचे. सहाव्या महिन्यात बग्गीतून गेलो होतो. घरी आल्यावर दार लावून आरशापुढे दोघी हात करत बसायचो. मला काही नीट आला नाही, तिला आला. तुम्ही सांगितलं असतंत तर चाललं असतं, मास्टर. खरं तेच होतं."

"खरं कुठलं, बाईसाहेब? मीही तो एकीचा पाहूनच घेतला होता."

हे वाक्य तोंडून जाईपर्यंत त्यांनी त्याचा विचार केला नव्हता. फाटकाचा आकडा हातात तसाच राहिला.

"कुणाचा?" ताराबाईंनी विचारलं.

"आमच्या गावच्या एका बाईचा. कान्ह्याच्या." आणि मग, स्वतःलाच आश्चर्य वाटून, ते म्हणाले, "उद्या मी तिकडे जाऊन येतो. परवापासून तालमीला येतो. चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पुण्याच्या गाडीनं ते निघाले आणि कामशेतला उतरून कान्ह्याची वाट चालू लागले. दोन्ही बाजूंना भाताची कापणी उरकली होती. धसकटांत पाणी आटून चिखल भेगाळला होता आणि कापलेल्या पेंढ्यांना आंबेमोहोराचा गोड वास येत होता. सोळाव्या वर्षी त्यांचा आवाज फुटला तेव्हा कंपनीनं त्यांना सहा महिने घरी पाठवलं होतं; गायचं नाही, ओरडायचं नाही, शक्य तर बोलायचंही नाही. बोलायचं नसलेला मुलगा दुसरं काय करील? तो बघत बसला. तो सबंध आषाढ तो बांधावर इरलं घेऊन बसला आणि आवणीला वाकलेल्या बायका बघत राहिला. शेजारच्या घरातली झुंबरवहिनी विशी ओलांडलेली होती. रोपं लावता लावता ती मधेच पाठ सरळ करून उभी राही. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले, पावसानं केस कपाळावर आलेले. ती हात झटकी, बोटं फाकवी, चेहऱ्याला चिखल लागू नये म्हणून ती लांब धरी, आणि मनगटानं केस सारून, हनुवटी उचलून, अजून किती वावर राहिलंय ते बघे. त्यांना तेव्हा ती आवडत होती का? त्या वयात मुलगा बघतो तसं ते बघणं नव्हतं, असं ते स्वतःशी म्हणत आले होते. असेलही तसं. असलं तर असलं! त्रेपन्नाव्या वर्षी कामशेतच्या वाटेवर एकट्यानं हे कबूल करताना त्यांना गुदगुल्या झाल्यासारखं झालं. चिखल तिचा होता. तो तेवढा धुऊन टाकून त्यांनी राहिलेला हात मुंबईला विकला होता. आणि मुंबईच्या बायकांनी, तळहातावर डाग न पाडता, तिच्यासारखं वावर बघितलं होतं. हे तिला कधी सांगितलं नव्हतं. आई-बाप गेल्यावर गावात येणंच उरलं नव्हतं. ती आहे की नाही हेही त्यांना माहीत नव्हतं.

ती होती. गावाबाहेरच्या खळ्यावर सात-आठ बायका भाताच्या पेंढ्या फळीवर झोडत होत्या आणि एक पांढऱ्या केसांची, वाळकी, ताठ म्हातारी घमेल्यात शेण कालवून खळ्याचा उखणलेला कोपरा सारवायला बसत होती. कोट-टोपीतला माणूस बांधावर येऊन उभा राहिल्यावर झोडणी थांबली.

"कोन पायजे?" म्हातारीनं विचारलं.

"वहिनी, मी महिपती. गोविंदा गुरवाचा."

तिनं डोळे बारीक केले. मग हातातलं शेण घमेल्यात टाकून ती उठलीच. "म्हईपती? आरं देवा! त्यो मुका? आन् टक्कल पडलं की रं तुला!"

बायका खळखळून हसल्या. महिपतराव दचकले, हशाला दचकायची सवयच झाली होती. पण हा हशा त्यांच्या अंगावर आला नाही, त्यांना मधे घेऊन बसला. कुणीतरी पाणी दिलं, कुणी पेंढ्यांचा ढीग बसायला सरकवून दिला. झुंबरबाई हात तसेच लांब धरून त्यांना नखशिखान्त बघत होती.

"लय मोटा झालास म्हनं. नाटकात बाई व्हायचास, खरं का?"

"व्हय," ते म्हणाले. तो शब्द कित्येक वर्षांनी तोंडात आला होता.

"मंग कशी बाई व्हायचास?"

"तुझ्यासारखी, वहिनी."

"माज्यासारखी?" झुंबरबाई म्हणाली. "माज्यात काय हाय?"

त्यांनी सांगायचा प्रयत्न केला. आवणी, चिखल, केस, मग थिएटर, शेकडो बायका. तिला काही उमजेना. अंबूबाई नावाची एक तरणी ठसठशीत बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "त्ये समदं ऱ्हाऊ द्या आबा. करून दावा की."

महिपतराव उठले. टोपी काढली, कोट काढला. आरशातला माशी हाकणारा माणूस त्यांना आठवला. हात पुढे केला. बोटं आखडली होती. समोर आठ बायका वाट बघत होत्या, आणि त्यांच्यात ती एक. काय करावं ते कळेना, तेव्हा ते सरळ खाली वाकले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत शेणाच्या घमेल्यात बुडवले. थंडगार, जड, ओळखीचा लगदा बोटांमधून वर आला. ते पाठ सरळ करून उभे राहिले. आता हातांना सांगावं लागलं नाही. एक झटका बसला, थेंब उडाले, बोटं आपणहून फाकली आणि चेहऱ्याला लागू नयेत म्हणून जपून लांब गेली. मनगट त्या उघड्या डोक्यावरून, नसलेल्या केसांवरून, कानामागे गेलं, आणि हनुवटी वर उचलून त्यांनी समोरच्या वावराकडे पाहिलं. किती राहिलंय ते.

कुणी हसलं नाही. झुंबरबाईचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"आगं बया," ती हळूच म्हणाली, "ही तर माजी सासू!"

"काय?"

"माजी सासू हाय रं ही! आरं, लगीन हून आले तवा मी बारा वर्साची. तिच्याच शेजारी आवनीत हुबी ऱ्हायाची. ती वाकली का वाकायची, ती हुबी ऱ्हायली का हुबी. ती आशीच केसं सारायची, आन् म्हनायची, चल गं पोरी, थोडंच ऱ्हायलं. मरून तीस वर्सं झाली तिला. आन् तू कुटनं आनलीस रं तिला?"

तिच्या सासूनं कुणाचं पाहिलं असेल? महिपतरावांना हसू फुटलं. ते पोटातून, खांद्यांतून, त्या शेणानं भरलेल्या हातांतून हसू लागले, आणि आता सगळं खळं हसू लागलं. झुंबरबाई डोळे पुसायला हात वर नेते आणि शेण आठवून मनगट लावते, त्यावर आणखी हसू. मग कुणीतरी म्हणालं, "आबा, आमची अंबूबाई करून दावा!" आणि त्यांनी अंबूबाई केली, कमरेवर हात ठेवून, एका पायावर भार टाकून, जगाला जाब विचारणारी; खरी अंबूबाई किंचाळत पेंढ्यांवर आडवी झाली. "आता ही बयाबाई!" त्यांनी डोक्यावर भारा घेऊन वाटेत गप्पा मारणारी बयाबाई केली. बघितल्याबरोबर येत होतं. मान येत होती, पाऊल येत होतं, सगळं त्यांच्यात शिरायला रांग लावून उभं होतं. उद्या ताराबाईंच्या त्या सगळ्या मंडळींना आधी इथं आणून बसवायचं, त्यांच्या मनात आलं, मग नाटकाचं बघू. दूरवर कामशेतच्या बाजूला शिट्टी झाली. "तुमची गाडी गेली वो आबा," कुणीतरी सांगितलं. ते तेव्हा डोक्यावरचा भारा न पाडता एका न दिसणाऱ्या म्हशीला शिव्या देत होते.

मग झुंबरबाई बायकांना बाजूला सारत पुढे आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सासू झाली, समद्या झाल्या. आता मला कर. तवाची नगं. आत्ताची."

ते थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, घाई न करता, बांधावर बसून बघायचे तसं. मग ते खाली बसले, एक हात गुडघ्यावर ठेवला, क्षणभर त्या हातावर अंग तोललं, आणि कुणाचा आधार न मागता, कण्हायचं होतं ते ओठांतच दाबून, हळूहळू ताठ उभे राहिले. उभं राहिल्यावर, जमलं याचा बारीकसा, कुणाला न दिसणारा आनंद त्यांनी नाकपुडीत ठेवला.

झुंबरबाईनं ते मान तिरकी करून शेवटपर्यंत पाहिलं.

"व्हय रं," ती म्हणाली, "अश्शीच दिसती मी." आणि जरा वेळानं, बायकांकडे वळून, "बरी दिसती की!"